बेस अ‍ॅम्प बघायला दुपारी जावं

जुना बेस अ‍ॅम्प घ्यायचा असेल तर विकणाऱ्याकडे दुपारी दोननंतर जावं. त्याने सकाळची वेळ दिली तर गोड बोलून बदलून घ्यावी. माझं हे म्हणणं पोरांना आधी तऱ्हेवाईक वाटतं. पण सकाळी आठ वाजता थंड खोलीत कुठलाही अ‍ॅम्प पाच मिनिटं छान वाजतो, दोनदा जळून तीनदा दुरुस्त झालेलासुद्धा. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. आपल्याकडची लग्नं त्याच दिवसांतली, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे. अ‍ॅम्प वाजायचा आहे त्या हवेत, मग तपासायचा तरी दुसऱ्या हवेत कशाला?

मी साउंडची मशीनं दुरुस्त करतो. जळगावात नेरी नाक्याकडे छोटं वर्कशॉप आहे. पोट भरतं ते लग्नाच्या बँडांवर, भजनी मंडळांवर आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यांवर. बेसचे अ‍ॅम्प त्यात कमीच. पण जळगाव-धुळ्यातल्या गिटारवाल्या पोरांत आता असं पडून गेलंय की जुना अ‍ॅम्प घ्यायचा तर काकांना सोबत न्यायचं. मी त्याचे पैसे घेत नाही. जाण्या-येण्याचा खर्च आणि पारोळ्याला चहा, एवढ्यावर भागतं. दुसऱ्याच्या मशीनच्या पोटात डोकावायला मला आवडतं, खोटं कशाला सांगू.

खान्देशात बेस गिटार वाजवतं कोण, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. वाजवणारे पुष्कळ आहेत. विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवासाठी कॉलेजांची पोरं वर्षभर कुणाच्या तरी गच्चीवर सराव करत असतात. नवापूर-चिंचपाड्याकडच्या चर्चमध्ये गिटार, ड्रम, बेस हे नेहमीचं. तिथून पुढे गुजरातेतल्या सोनगड-व्याऱ्यापर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात लग्नाला रोडालीचे बँड लागतात. गाडीवर कीबोर्ड, पॅड आणि बेस चढवून रात्रभर नाच चालतो. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत एके काळी अँग्लो-इंडियन कुटुंबं भरपूर होती आणि तिथल्या नाचगाण्याच्या गोष्टी जुने रेल्वेवाले अजून रंगवून सांगतात. राहिले ऑर्केस्ट्रे. त्यांचं कसं होतं, लोकांना राहुलदेव बर्मनची गाणी हवी असायची, आणि त्या गाण्यांत टोनी वाझ यांच्यासारख्यांनी वाजवलेला बेस नसला तर गाणं पांगळं वाटतं. म्हणून प्रत्येक ऑर्केस्ट्रावाल्याकडे एक बेसवाला आणि त्याचा एक जड डबा असायचाच. आता ऑर्केस्ट्रे बसले, डीजे आले, आणि ते जड डबे बाजारात आले. जळगाव-धुळ्यात मिळणारा जुना बेस अ‍ॅम्प बहुधा मांडव आणि मिरवणूक बघून आलेला असतो. शहरातल्या हौशी माणसाने दिवाणखान्यात वाजवलेला अ‍ॅम्प आणि हा, यांची तपासणी एकाच पद्धतीने करून चालत नाही.

बेसला वेगळा अ‍ॅम्प लागतोच का, हा प्रश्नही येतो. साध्या गिटारची सर्वांत जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते. चार तारांच्या बेसची जाड तार ४१ हर्ट्झला, आणि पाच तारांचा बेस असेल तर पाचवी ३१ हर्ट्झला. इतक्या खाली आवाज काढायचा तर स्पीकरचा कोन भरपूर आत-बाहेर हलावा लागतो आणि मशीनला एका झटक्यात मोठा करंट द्यावा लागतो. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी बेसमन नावाचा वेगळा अ‍ॅम्प काढला, ते यासाठीच. गंमत अशी की चार स्पीकरांचा नंतरचा बेसमन साध्या गिटारवाल्यांनीच पळवला, आणि लंडनच्या जिम मार्शलने साठच्या दशकात आपला पहिला अ‍ॅम्प त्यावरूनच बेतला. १९६९ साली अँपेगने ३०० वॅटचा व्हॉल्व्हचा राक्षस काढला. तो आमच्याकडे फोटोतच बघायचा. आमच्या वाट्याला येतात ते स्ट्रेंजर, लेनी, पीव्ही, हार्टके, फेंडर रंबल, आणि कुणीतरी सुताराकडून खोकं करून घेऊन आत लोकल सर्किट बसवलेले बिननावाचे. बिननावाच्याला मी नाक मुरडत नाही. त्यातले काही धातूच्या टोपीच्या ३०५५ ट्रान्झिस्टरवर वर्षानुवर्षं चाललेत, आणि उडाले तरी गोलाणी मार्केटच्या फेरीत पार्ट मिळतो.

जायच्या आधी फोनवर दोन फोटो मागवावेत, पुढच्या पॅनलचा आणि मागच्या पट्टीचा. पुढचा यासाठी की आपल्याकडे डीजेच्या सबवूफरचं मशीनही ‘बेस अ‍ॅम्प’ म्हणून विकायला निघतं, गाडीतलंसुद्धा. गिटारचा जॅक पॅनलवर दिसला पाहिजे. मागच्या पट्टीवर व्होल्ट, वॅट आणि ओहम लिहिलेले असतात. मशीन विजेकडून १५० वॅट घेतं असं पट्टीवर असेल आणि विकणारा ३०० वॅटचं म्हणून सांगत असेल, तर उरलेले १५० कुठून येतात ते त्यालाच विचारावं. पीएमपीओचे हजारांतले आकडे बघूच नयेत. आणि पट्टीवर १२० व्होल्ट दिसलं तर सावध. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेला अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात गेला की काही सेकंदांत धूर निघतो. काही मशीनच्या ट्रान्सफॉर्मरला दोन्ही व्होल्टेजची सोय असते, तेव्हा आतली जोडणी बदलून काम होतं. नसेल तर वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, तोही ऐपतीपेक्षा मोठा, म्हणजे ३०० वॅट खाणाऱ्या मशीनला निदान ५०० व्हीएचा. त्याचा खर्च आणि वजन दोन्ही सौद्यात धरावं.

तिथे पोचल्यावर पोरांचा हात आधी व्हॉल्यूमच्या नॉबकडे जातो, माझा प्लगकडे. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा आधी त्याचं तोंड उघडतो, तसं. प्लगची वरची जाड पिन, अर्थिंगची, जागेवर आहे का? ऑर्केस्ट्रावाल्यांच्या मशीनमध्ये ती बऱ्याचदा मोडलेली, कापलेली किंवा आतून सोडवलेली असते. कारण साधं आहे. मांडवात हम येतो, अर्थिंग काढलं की हम जातो, कार्यक्रम सुरू होतो, आणि पुन्हा कुणी ती वायर जोडत नाही. मग मशीनमध्ये काही बिघडलं की पत्र्यावर उतरलेला करंट जॅकमधून गिटारच्या तारांवर येतो. वाजवणाऱ्याचा हात तारांवर असतो आणि ओठ माईकजवळ. माईक दुसऱ्या मशीनला, दुसऱ्या फेजवर. पुढचं सांगायला नको. मल्टिमीटरचं एक टोक अर्थच्या पिनला, दुसरं जॅकच्या धातूला लावायचं. एक ओहमच्या आत रीडिंग आलं पाहिजे. नाही आलं तर दुरुस्ती सोपी आहे, वायर बदलायची. पण मालकाने याबाबत हयगय केली असेल तर बाकीच्या मशीनकडेही मी त्याच नजरेने बघतो.

मग फ्यूज. होल्डर फिरवून काढला की काचेची नळी निघायला हवी आणि तिच्यावरचा आकडा मागच्या पट्टीशी जुळायला हवा. आमच्याकडे काय काय निघतं म्हणून सांगू! वायरचा पीळ, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, एकदा तर चक्क गुंडाळलेली टाचणी. वऱ्हाड दारात आलेलं असताना फ्यूज उडाला तर माणूस काय करेल हे मला समजतं. पण ते मशीन त्या रात्रीनंतर कशातून गेलं असेल, हेही त्या टाचणीवरून समजतं.

मांडवातली वीज हा आमच्या मशीनांचा खरा शत्रू. शेतातल्या लाइनवर व्होल्टेज १८० पर्यंत खाली येतं, तेव्हा ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनची ताकद जवळजवळ साठ टक्क्यांवर येते. मग वाजवणारा नॉब पिळत जातो आणि आवाज फाटतो. उलट रात्री लोड कमी झाला किंवा जनरेटरवरचे हॅलोजन एकदम बंद केले की व्होल्टेज २६० कडे झेप घेतं. आत ४२ व्होल्टचा सप्लाय असेल तर तो ४७ च्या पुढे जातो, आणि बनवणाऱ्याने पैसे वाचवायला तिथे ५० व्होल्टचे कंडेन्सर लावलेले असतात. आणि थ्री फेजमधला न्यूट्रल ढिला झाला तर बोलायलाच नको, २३० च्या लाइनवर ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. म्हणून मागचं झाकण उघडू देत असतील तर टॉर्च घेऊन फिल्टरच्या मोठ्या कंडेन्सरांची डोकी बघायची. सपाट हवीत. फुगली असतील, बुडाशी तपकिरी डाग असेल, तर ते बदलायचे पैसे आपले. झाकण उघडताना हात आत घालू नये. बंद मशीनमधल्या कंडेन्सरांतही चार्ज उरलेला असतो.

माझ्या पिशवीत एक सिरीज बोर्ड असतो. होल्डरमध्ये १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब आणि त्याच्यामागून जाणारा प्लग. एलईडी आल्यापासून असे बल्ब शोधून ठेवावे लागतात, एलईडीने हे काम होत नाही. अनोळखी मशीन मी थेट लाइनवर कधीच घालत नाही. सिरीजमध्ये घातल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, कंडेन्सर भरले. भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. असं मशीन थेट लाइनवर घातलं असतं तर जे काही उरलंसुरलं होतं तेही गेलं असतं, आणि विकणाऱ्याने तुमच्याकडे बोट दाखवलं असतं. नव्या हलक्या मशीनना मात्र हा बोर्ड लावून उपयोग नाही, त्यांचा सप्लाय बल्बामागून नीट सुरूच होत नाही.

धुळ्यातला एक सौदा सांगतो. एप्रिल महिना. जळगावच्या पिंप्राळ्यातला एक पोरगा, पाच तारांचा बेस पाठीला, आणि मी. देवपुरात एका आप्पांकडे पंधरा इंची स्पीकरचा कॉम्बो होता. आप्पांनी आयुष्यभर ऑर्केस्ट्रा चालवला, आता मुलगा मंडप-डेकोरेशन बघतो. मशीन पत्र्याच्या गोडाऊनमध्ये, गाद्यांच्या ढिगाशेजारी. आप्पा म्हणाले, “मशीन एक नंबर शे भाऊ, आजलगून काहीच काम नही निंघनं.” मी मागच्या स्क्रूंकडे बघितलं. चारही स्क्रूंच्या खाचा गोल झालेल्या. न उघडलेल्या मशीनच्या खाचा गोल होत नाहीत. मी काही बोललो नाही. आप्पा वयाने मोठे, आणि सौद्यात असं थोडंफार चालतं.

अर्थिंग होतं. फ्यूजही खरा होता. सिरीजवर बल्ब मंद झाला. मग स्पीकर. जाळी काढून दोन्ही हातांची बोटं कोनावर सारखी पसरून मी तो हळूच आत दाबला आणि कान जवळ नेला. कॉइल घासत असेल तर बारीक खर्रर ऐकू येतं, वाळूत बोट फिरवल्यासारखं. इथे काही नव्हतं. टर्मिनलची एक वायर काढून मीटर लावला, सव्वासहा ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला सहा-साडेसहा दाखवलं पाहिजे. आठ दाखवत नाही म्हणून घाबरायचं नसतं. चार दाखवलं असतं तर काहीतरी गडबड आहे हे नक्की. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. कोन टक्कन पुढे आला, म्हणजे जोडणीही बरोबर. कोनाच्या कडेचं कापड शाबूत, मधली टोपी न चेपलेली. रीकोन केलेला, म्हणजे कोन बदललेला असेल तर टोपीच्या कडेला डिंकाची ओघळ दिसते. तीही नव्हती. पोरगा खूश. लगेच पाकीट काढायला लागला. त्याला म्हटलं थांब, अजून काहीच झालेलं नाही.

मशीन थेट लाइनवर घेतलं, टोन सगळे मध्यावर, आणि त्याला सांगितलं, कोपऱ्यात बस आणि खालच्या दोन तारांवर वाजवत राहा. गाणं नको, कसब नको, नुसत्या लांब नोटा. सुरुवातीला हळू, मग पाच-पाच मिनिटांनी वाढवत, कार्यक्रमाच्या आवाजापर्यंत. पंधरा मिनिटांनी आप्पा अस्वस्थ व्हायला लागले. शेजारचं दुकान उघडं होतं, ते समजण्यासारखं होतं. वीस-पंचवीस मिनिटं झाली आणि आवाज कापल्यासारखा गेला. आतून रिलेचा टक् असा आवाज. “तापी ग्या व्हई, जराखा थांबा,” आप्पा म्हणाले. दहा मिनिटांनी पुन्हा टक्, आवाज परत. वाजवलं, आणि आधीपेक्षा लवकर पुन्हा बंद.

पोराचा चेहरा पडला. मला मात्र उलट वाटलं. रिलेने आवाज तोडला म्हणजे संरक्षण शाबूत आहे, ते काम करतंय. प्रश्न एवढाच की मशीन इतकं तापतं का. मागची जाळी काढली. आतला पंखा फिरतच नव्हता. पात्यांवर जाड थर बसलेला, बोटाने खरवडला तर वर राखाडी धूळ, खाली कापसाची लव आणि त्याच्या खाली गुलाबी. गुलाल! कानबाईच्या आणि गणपतीच्या मिरवणुकांत टेम्पोवर बांधून फिरवलेलं मशीन. तोच गुलाल व्हॉल्यूमच्या दांडीजवळ, तोच जॅकच्या कडेला. बेअरिंग जाम. पात्याला पेनाने ढकललं तरी अर्धा फेरा घेऊन थांबायचं.

पंखा काही शेकड्यांचं काम. पण तो बंद असताना मशीन किती उन्हाळे वाजलंय, हा खरा हिशेब. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं असं असतं की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ४४ अंशांच्या हवेत, बंद खोक्यात, पंख्याविना, आतलं तापमान सहज ७०-७५ वर गेलेलं असणार. मी आप्पांना सगळं उघड करून दाखवलं. फिल्टरचे कंडेन्सर लगेच नाही तरी लवकरच बदलावे लागतील हेही सांगितलं. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने बोर्डवर हलके टकटक केलं तर एका जागी स्पीकरमधून कडकड आली, म्हणजे ड्राय सोल्डरही होतं. आप्पांनी किंमत उतरवली. बऱ्यापैकी उतरवली आणि वर पंधरा फूट चांगली केबलही दिली. सौदा झाला. सकाळी गेलो असतो तर मशीन तासभर वाजवूनही बंद पडलं नसतं, पोराने पहिली किंमत मोजली असती आणि पहिल्या लग्नात वरातीच्या मध्येच ते टक् झालं असतं.

बाकीच्या गोष्टींना इतका वेळ लागत नाही. नॉब फिरवताना खरखर आली तर पोरं नाक मुरडतात. ते बहुतेक वेळा धूळ असते, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. फवारा मारूनही एकाच ठिकाणी आवाज मरत असेल तर पॉट झिजलाय. जॅक मात्र हलवून बघावाच, त्याचं सोल्डर तडकलेलं असतं. मागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतील आणि आवाज मधूनच बसत-उठत असेल, तर एक छोटी केबल घेऊन ते दोन्ही एकमेकांना जोडावेत. आवाज खणखणीत झाला तर रोग त्या रिटर्न जॅकच्या आतल्या गंजलेल्या पत्तीत आहे, बाकी मशीन ठणठणीत. असा ‘बिघडलेला’ अ‍ॅम्प मातीमोल भावात मिळतो. हे विकणाऱ्याला सांगायचं की नाही, ते ज्याच्या त्याच्या मनावर.

खोकं प्लायचं की भुशाच्या पार्टिकल बोर्डाचं, ते बुडाशी बघावं. बोर्ड पाण्यात भिजला की फुगतो, स्क्रू धरत नाही, आणि मग खालच्या नोटांना सगळं खोकं भणभणतं. लोकांना वाटतं स्पीकर गेला. व्हेंटच्या भोकात टॉर्च मारावी. उंदराचं घर, कुंभारणीचं मातीचं पोळं, झुरळं, सगळं बघितलंय मी तिथे. उंदीर वायरीचं प्लास्टिक खातो आणि कोनाचा कागदही.

आतला ट्रान्झिस्टर बदललेला असेल तर नावावर जाऊ नये. ५२०० आणि १९४३ ची जोडी आपल्याकडे नकली फार येते. वर छापलेलं नाव अगदी हुबेहूब असतं, आतली चिप निम्मी. नकली जोडी हळू आवाजात वर्षभर चालेल आणि पहिल्या मोठ्या कार्यक्रमात उडेल. जाताना स्पीकरलाही घेऊन जाईल, कारण शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर सप्लायचं सगळं डीसी व्होल्टेज सरळ कॉइलवर टाकतो. तर आवाज पूर्ण बंद ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजावं. काही मिलिव्होल्ट, फार तर चाळीस-पन्नास. व्होल्टमध्ये आकडा दिसला तर मशीन बंद करून हात जोडावेत. काही जण एकाच मशीनला जादा बॉक्स लावून वाजवतात, तेही विचारून घ्यावं. चार ओहमची मर्यादा असलेल्या मशीनला चार ओहमचे दोन बॉक्स लावले की ते दोन ओहम होतात आणि ट्रान्झिस्टरांचा घाम निघतो.

एका हातात उचलता येणारे नवे क्लास डीचे हेड फार मोहात पाडतात. पुण्यात शिकणारी पोरं ते घेऊन येतात. ज्याने ऑर्केस्ट्राचे डबे उचललेत त्याला त्यांचं कौतुक वाटणारच. पण ते बिघडले तर मी काही करू शकत नाही, हे स्पष्ट सांगतो. सगळं एका बोर्डवर, पार्ट मोहरीएवढे, नकाशा मिळत नाही, आणि बदली बोर्ड कंपनीकडून आला तरच. जळगाव-धुळ्यात राहून जुना क्लास डी घ्यायचा तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते आधी फोन करून विचारावं. पंचवीस किलोचा ट्रान्सफॉर्मरवाला डबा कंबर मोडतो खरा, पण तो इथल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये सुधारतो. माझं मत विचाराल तर पहिला अ‍ॅम्प जडच घ्यावा.

भावाचं म्हणाल तर आषाढी एकादशीनंतर बाजार उतरतो. मुहूर्त संपलेले असतात, शेतीला पैसे हवे असतात, आणि गोडाऊनमध्ये जागा नसते. पण पावसाळ्यात हवा थंड, म्हणून दुपारची युक्ती लागू पडत नाही. तेव्हा अर्ध्या तासाऐवजी पुरता तास वाजवावं. ओल असेल तर सुरुवातीला हिस् येते, तापल्यावर कमी होते. तिला भिऊ नये. बिल मागावं. बिल नसलं तरी चालेल, पण सिरियल नंबरची पट्टी खरवडलेली असेल तर चहा पिऊन निघावं. नव्याच्या निम्म्याहून जास्त पैसे कुठल्याही मांडववाल्या मशीनला देऊ नयेत, मग ते कितीही पुसून ठेवलेलं असो. आणि मालक अर्धा तास पूर्ण आवाजात वाजवू देत नसेल, शेजारी, लाइट, पाहुणे काहीही कारण असो, तर दुसऱ्या दिवसाची वेळ मागावी. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाला तर तो अ‍ॅम्प सोडून द्यावा.

शेवटी एकच विनंती, विशेषतः घरी सराव करणाऱ्या पोरांच्या आई-वडिलांना. जुन्या घरांत तीन भोकांचे प्लग असतात, पण अर्थिंगच्या भोकामागे बऱ्याचदा वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून बघायला सांगा. पेटला नाही, तर आधी घराचं अर्थिंग करून घ्या. अ‍ॅम्प पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल.